मनगटावरची प्रतवारी

लग्नसराई आली की अमरावतीच्या जवाहर रोडवर आणि अकोल्याच्या गांधी रोडवर घड्याळांची खरेदी वाढते. मोबाईल आल्यावर मनगटी घड्याळाचे दिवस संपतील, हे भाकीत खोटे ठरले. कारण आजचा ग्राहक वेळ बघण्यासाठी घड्याळ घेतच नाही. मोठी तबकडी, चकाकती साखळी आणि जाहिरातीत पाहिलेले परदेशी नाव त्याला पुरेसे असते. 'फॅशन घड्याळ' म्हणतात ते हेच.

या घड्याळांना नाक मुरडणारा दर्दींचा एक वर्ग मोठ्या शहरांप्रमाणे आता वऱ्हाडातही आढळतो. कपड्यांच्या कंपनीचे नाव छापले म्हणून ते घड्याळ होत नाही, आत तर साधे क्वार्ट्झ मशीन असते, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप निराधार नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फॉसिल कंपनीने स्वतःच्या नावाखेरीज अरमानी, डिझेल, मायकेल कोर्स या नावांची घड्याळेही परवाना घेऊन बनवली. तीन नावांतून एक निवडणारा ग्राहक अनेकदा एकाच कंपनीच्या मालातून निवड करत असतो. किमतीतला मोठा हिस्सा त्या नावाचा असतो. पहिल्या पगारातले सात-आठ हजार मोजणाऱ्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवे. दर्दी ते सांगत नाहीत, हसतात.

त्या हसण्याला आधारही कच्चाच आहे. सेइकोने डिसेंबर १९६९ मध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, तेव्हाच अचूकतेचा वाद मिटला. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्यात पंधराएक सेकंद इकडेतिकडे होते. चावीचे उत्तम घड्याळही दिवसाला काही सेकंद चुकते. यंत्राच्या कारागिरीवर प्रेम जरूर करावे, परंतु तीही हौसच आहे, आणि बहुधा अधिक खर्चिक.

घड्याळ मिरवण्यासाठीच असते, हे आपल्या भागाला नवे नाही. हिंदुस्थान मशीन टूल्सचा (एचएमटी) घड्याळ कारखाना जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला १९६१ मध्ये उभा राहिला. हुंडाबंदीचा कायदाही त्याच वर्षीचा! त्यानंतर कित्येक वर्षे सायकल, रेडिओ आणि घड्याळ यांवाचून लग्नाची बोलणी पुरी होत नसत, आणि नवे जावई बाही जरा वर सारूनच पंगतीला बसत. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या तांदळाच्या वाणाला 'एचएमटी' हे नाव मिळाले तेही या घड्याळावरून. उत्तम वाणाला घड्याळाचे नाव द्यावेसे वाटणे, यातच त्या नावाचे वजन कळते.

१९८७ मध्ये टायटनची घड्याळे बाजारात आली आणि घड्याळ अंगावरच्या दागिन्यासारखे निवडले जाऊ लागले. एचएमटी मागे पडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. गंमत अशी की, सर्वसामान्यांसाठी काढलेली तीच 'जनता' आता दर्दींच्या संग्रहात मानाने विराजमान आहे. मागणी वाढताच जुन्या घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून, इकडचे तिकडचे भाग जोडून ती विकली जाऊ लागली. अशा घड्याळांना संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. अस्सल म्हणून विकणे ही फसवणूकच. पण बंद पडलेले घड्याळ चालते करणाऱ्या कारागिरालाही त्याच शब्दात गुंडाळणे अन्याय्य आहे. दर्दींची आवडती घड्याळे अखेर दुरुस्तीला त्याच्याच टेबलावर येतात.

स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. स्विस घड्याळांवरील आयात शुल्क त्यानुसार सात वर्षांत टप्प्याटप्प्याने जाणार आहे. मनगटाची ही प्रतवारी, जिनिंगमध्ये कापसाची करावी तशी, आणखी एक पायरी वर चढेल. वऱ्हाडातील ग्राहकापुढचा प्रश्न मात्र व्यवहाराचा आहे. फॅशन घड्याळ थांबले तर सेल किंवा सबंध मशीन बदलून बहुधा काम भागते. महागडे स्विस घड्याळ उघडायला मात्र बरेचदा मुंबई-पुण्याला पाठवावे लागते. पैसे मोजण्यापूर्वी दुकानदाराला तेवढे विचारून घ्यावे: दुरुस्ती कुठे होईल, किती दिवसांत, आणि सुटे भाग मिळतात का?