आडनावाची हाक

आमची कन्या यंदा अकरावीत गेली. अकरावीतल्या मुलीच्या खोलीचे दार बंद असेल तर बापाने ते ठोठावावे की न ठोठावावे, याविषयी शास्त्रात काही सांगितलेले नाही. तेव्हा एका रविवारी दुपारी मी न ठोठावताच आत गेलो. पाहतो तो बाईसाहेब मांडीवर लॅपटॉप घेऊन जपानी मालिका पाहत बसलेल्या! "बाबा, बसा; पण बोलू नका," अशी आज्ञा झाली. ज्याने वर्षानुवर्षे इतरांच्या पोरांना हेच सांगून पोट भरले, त्याला ती मोडण्याचा अधिकार नव्हता.

मालिका २००५ सालची, नाव 'हाना योरी दांगो'. ही मुळात एक जपानी म्हण आहे. फुलांपेक्षा दांगो बरे, म्हणजे शोभेपेक्षा पोटात काही पडलेले बरे, असा तिचा भावार्थ. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाच्या, काडीला टोचलेल्या गोळ्या. पण मूळ चित्रकथा रचणाऱ्या योको कामिओ या बाईंनी 'दांगो' लिहिताना 'मुलगे' या अर्थाची अक्षरे योजली, आणि म्हण झाली 'फुलांपेक्षा मुलगे बरे!' मराठीच्या मास्तराला श्लेष सापडला की त्याला जेवण लागत नाही. मी खुर्ची ओढून ऐसपैस बसलो.

गोष्ट तशी परिचयाची. माकिनो नावाची गरिबाघरची मुलगी श्रीमंतांच्या शाळेत शिकते. चार धनिकपुत्र त्या शाळेवर राज्य करतात. त्यांची ज्याच्यावर खप्पामर्जी होईल त्याच्या कपाटात लाल चिठ्ठी पडते आणि सारी शाळा त्याच्यावर तुटून पडते. माकिनो या चौघांच्या म्होरक्याला, दोम्योजीला, सरळ भिडते आणि तोच तिच्यावर भाळतो. असले प्रकार आपल्या हिंदी चित्रपटांनी काही कमी केलेले नाहीत. पण एका गोष्टीने मी चमकलो. हा दोम्योजी तिच्यावर जीव ओवाळून टाकतो, आणि हाक मारतो ती 'माकिनो' अशी. ते तिचे आडनाव! तीही त्याला 'दोम्योजी'च म्हणते, तेही आडनावच. कन्येने खुलासा केला की तिकडे वर्गात एकमेकांना आडनावानेच हाक मारतात, आणि मुलाने मुलीला नावाने हाक मारायची म्हणजे बरेच पुढचे पाऊल समजतात.

"अगं, मग ही तर आपली 'शाळा'च की!" मी बोलून गेलो. आज्ञाभंग झाला खरा, पण तिने मालिका थांबवली.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या दिवसांतली नववी. जोशी, सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या हे चौघे मित्र, आणि जोशीच्या मनात भरलेली शिरोडकर. नुसती 'शिरोडकर'. या चार-पाच अक्षरांत त्या मुलाचे सारे जग मावलेले आहे. सुजय डहाके यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट २०१२ च्या जानेवारीत लागला, केतकी माटेगावकर त्यात शिरोडकर झाली, आणि उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. लोक या कादंबरीला पहिल्या प्रेमाची कादंबरी म्हणतात. मला मात्र तिचा जीव त्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून जगाचा निकाल लावणाऱ्या चार पोरांत आहे असे वाटते. प्रेम जोशीला झाले. पण ते बोलायला हे तिघे नसते, तर कादंबरी दहा पानांत आटोपली असती.

"तुमच्या वर्गात कोण होती?" कन्येने विचारले. हल्लीची मुले असे प्रश्न बापाला विचारतात.

सांगतो. १९९४ साल, तेव्हाचे औरंगाबाद. (गावाचे नाव २०२३ साली बदलले; माझ्या आठवणी अजून जुन्याच पत्त्यावर येतात.) मी आणि माझा मित्र एका बाकावर बसत होतो. गुलमंडीपासून शाळेपर्यंत दोघांत एकच सायकल. आमच्या वर्गातही मुलींचा उल्लेख आडनावानेच होई, तोही त्यांच्या पाठीमागे. तोंडावर हाक मारण्याची कोणाची छाती नव्हती. त्या वर्षी सहल दौलताबादच्या किल्ल्यावर गेली. अंधारीत शिरलो. वाटाड्याच्या पलित्याच्या उजेडात पुढची मुलगी मागे वळली आणि म्हणाली, "जपून, पायरी आहे हं."

मागे आम्ही दोघे होतो. ती हे कोणाला म्हणाली, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही. परतीच्या बसमध्ये मित्राने आपले मन उघड केले, आणि जो आधी बोलला त्याची ती, असा तेव्हाचा कायदा होता. मी गप्प बसलो.

पुढे त्याने पत्र लिहायचे ठरवले. मराठी माझे बरे, म्हणून लिहायचे मी. भूगोलाच्या वह्या गोळा करून वाटण्याचे काम माझ्याकडे, म्हणून पोचवायचेही मीच. पत्र लिहिले. इतके मनापासून मी पुढे प्रबंधही लिहिला नाही. ते अकरा दिवस दप्तरात वागवले, आणि बाराव्या दिवशी पहाटे आंघोळीच्या बंबात घातले. मित्राला सांगितले, "दिले. काही बोलली नाही."

तो काही दिवस डबा न खाता परत नेत असे. मला ते दिसत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या वडिलांची नांदेडला बदली झाली आणि सायकल माझ्या एकट्याच्या वाट्याला आली.

"मग त्या काकांना कधी सांगितलंत?"

"नाही."

"तीस वर्षं?" तिने लॅपटॉप मिटला. "बाबा, तुमच्याच कपाटात लाल चिठ्ठी पडायला हवी होती."

मित्र आता पुण्याला असतो. दरवर्षी दिवाळीला मोबाइलवर पणतीचे चित्र पाठवतो. मीही त्याला दुसरी पणती पाठवतो. एवढाच व्यवहार. कन्या समोरून हलेना. शेवटी त्याच संध्याकाळी फोन लावला. त्याने उचलला आणि मागच्या बाकावरून मारावी तशी माझ्या आडनावाने खणखणीत हाक मारली. मी सारे सांगून टाकले. अंधारी, पत्र, बंब, सगळे.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "मी ते वाचलंच नव्हतं रे नीट. तू घाईघाईनं पाकीट बंद केलंस. काय लिहिलं होतंस?"

मला शब्दन् शब्द पाठ होता. मी सुरुवात केली. पहिल्याच ओळीत तिचे आडनाव आले.

"थांब, थांब," तो म्हणाला, "इथं घरचे बसलेत. गच्चीवर जाऊन ऐकतो."