अरोवाना, गोल्डफिश आणि रविवारचा शो

मागच्या रविवारी टीममधल्या एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. नवा फ्लॅट, हॉलमध्ये पाच फुटी टँक आणि त्यात दीड फुटाचा सिल्व्हर अरोवाना. (घरात अरोवाना असला की लक्ष्मी येते, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. सध्या तरी ईएमआय आलाय. असो.) जेवणं झाली, वहिनींनी आइस्क्रीम आणलं आणि मित्राने जाहीर केलं, "चला, आता शो!"

शो म्हणजे काय, तर प्लॅस्टिकच्या पिशवीतले वीस गोल्डफिश पाण्यासकट टँकमध्ये ओतणे. सगळ्यांचे मोबाइल वर. पहिला मासा गेला तेव्हा चक्क टाळ्या पडल्या. सात खाऊन झाल्यावर अरोवाना थांबला, पोट टम्म. उरलेले तेरा फिल्टरच्या पाइपामागे एकमेकांना चिकटून उभे. मी काहीतरी पुटपुटलो, तर सोफ्यावरचे एक काका म्हणाले, "अहो, नेचर आहे हे! जंगलात काय ताटात वाढतात का?"

पाहुणा म्हणून गेलो होतो, गप्प बसलो. इथे बसणार नाही.

तर काका, नेचरचंच बोलू. सिल्व्हर अरोवाना हा अ‍ॅमेझॉनचा मासा. पावसाळ्यात तिथली नदी जंगलात शिरते, झाडं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात, आणि हा गडी फांद्यांखाली पृष्ठभागाला लागून फिरतो. तोंड वरच्या बाजूला उघडणारं. पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचा भुंगा, कोळी टिपतो, म्हणून तर त्याला पाण्यातलं माकड म्हणतात. छोटे मासेही खातो, नाही असं नाही, पण किडे हे त्याचं मोठं खाणं. आता गोल्डफिश. तो चीनमध्ये माणसाने हजारेक वर्षं पाळून तयार केलेला कार्पचा भाऊबंद. या दोघांची गाठ निसर्गात कधी पडलीच नाही. ती घालून दिली दुकानदाराने, कारण गोल्डफिश स्वस्त, मंद आणि चमकदार. काचेच्या पाच फुटी डब्यात, पळायला जागा नसताना, आइस्क्रीम खात बघायचा हा प्रकार नेचर असेल तर मग आमचं ओपन ऑफिससुद्धा अभयारण्य आहे.

मी काही प्राणिमित्र संघटनेचा माणूस नाही. मासे खातो, आवडीने खातो. मांसाहारी माशाला मांस लागणारच. माझं भांडण वेगळं आहे. हा जिवंत खुराक ज्याच्या कौतुकासाठी टाकतात, त्यालाच तो मारतो.

गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचं एंझाइम असतं. ते थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-वन, मोडून टाकतं. अधूनमधून एखादा खाल्ला तर बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने मुख्य जेवण तेच असेल तर शिकारी माशाला बी-वन कमी पडायला लागतं. भूक मरते, तोल जातो, झटके येतात. गोठवूनही सुटका नाही, फ्रीझरमध्ये ते एंझाइम टिकून राहतं. शिजवलं तरच जातं. वर हे फीडर मासे दुकानात शेकड्यांनी एका टाकीत कोंबलेले, उपाशी. म्हणजे पोषणाच्या नावाने रिकामा डबा, आणि डब्याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि जंत फुकट. ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी एका टप्प्यावर मोकळा पोहत असतो, त्यामुळे पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतलं की झालं. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर कोड ढकलणाऱ्याला आपण काय म्हणतो? आणि इथे दर रविवारी तेच.

हे सगळं मी कुठून शिकलो? भाऊकडून. भाऊ म्हणजे माझा ऑस्कर. कॉलेज संपल्यावर पहिल्या पगारात घेतला होता, तीन इंचांचा. तीन वर्षांत फूटभर झाला. माझा आवाज ओळखायचा असं मी सगळ्यांना सांगायचो (खरं तर डब्याचा आवाज ओळखत असणार). त्याला दर आठवड्याला डझनभर गोल्डफिश मीच आणून घालायचो, रूममेट्सना बोलावून, दिवे मालवून. तिसऱ्या वर्षी तो खाणं टाकायला लागला. मग तिरका पोहायला लागला. मी दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "साहेब, ताजा माल आलाय, तो टाका, खाईल." टाकला. चार दिवसांनी भाऊ काचेवर आपटत होता, आणि पाचव्या दिवशी सकाळी उलटा. मेल्यावर कोण तपासतंय, पण नंतर वाचायला बसलो तेव्हा लक्षणांची यादी ओळीने जुळत गेली. त्या दुकानदाराने मला फीडरही विकले आणि औषधही विकलं. यालाच बहुधा सबस्क्रिप्शन मॉडेल म्हणत असावेत. पण पिशवी ओतणारा हात माझा होता.

"अरे, पण आमचा पेलेट खातच नाही!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा रिंगटोन करावा. खात नाही, कारण शुक्रवारपर्यंत तोंड फिरवलं की रविवारी पिझ्झा येतो हे त्याला तुम्ही शिकवलंय. तब्येतीने ठणठणीत, मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. (पिल्लांवर हा प्रयोग करू नका.) मग लांब चिमट्यात चिलापीची काटे काढलेली पट्टी धरून पाण्यात हलवा. मेलेलं घ्यायला लागला की त्याच पट्टीत पेलेट खुपसा, आणि हळूहळू पट्टी कमी करा. अरोवानाला तरंगणारे पेलेट द्या, कारण तो वर बघणारा प्राणी आहे. दोन-तीन आठवडे लागतात. आपल्याला नवीन टूल शिकायला याहून जास्त लागतात.

मासळी बाजारातून आणलेलं मांस आधी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बरेच परजीवी त्यात मरतात. कोलंबी सोलून द्या, आवडीने खातात, पण रोज तीच नको. कोलंबीच्या काही जातींतही थायमिनेज असतं. चिकनचे उरलेले तुकडे टाकणं बंद करा. जमिनीवरच्या प्राण्याची चरबी माशाला नीट पचत नाही, यकृतात साठते. काटेरी मांजरमाशांची पिल्लं तर अजिबात नकोत, काटा घशात अडकतो. आणि झुरळं! गंमत म्हणजे किडा हा अरोवानाचा खरा, घरचा खुराक. पण तुमच्या स्वयंपाकघरातलं झुरळ पेस्ट कंट्रोलचं जेल चाटून आलेलं असू शकतं. किडेच द्यायचे तर खाण्यासाठी वाढवलेले विकत घ्या.

आता प्रमाण. पूर्ण वाढलेल्या मोठ्या शिकारी माशाला आठवड्यातून दोन-तीनदा जेवण पुरतं. जेवढं आत जातं, त्यातलं बरंचसं अमोनिया होऊन पाण्यात येतं. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांची कुवत रोजच्या लोडएवढीच. रविवारी एकदम सात मासे आत गेले, न दिसलेले दोन पाइपामागे मरून सडले, की सोमवारी सर्व्हर डाउन. उरलेलं अन्न दहा मिनिटांत जाळीने काढायचं, कंटाळा आला तरी.

हाताने भरवायची हौसही आवरा. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न बोट आणि कोलंबी यात फरक करत नाहीत. आणि अरोवानाच्या टँकवर वजनदार झाकण हवंच. जो फांदीवरचा भुंगा टिपतो, तो तुमच्या बोटासाठी उडी मारून रात्री फरशीवर पडलेला सापडेल.

हे सगळं मित्राला सोमवारी कँटीनमध्ये सांगितलं. तो चिडला. "एक दिवस मजा केली तर काय झालं रे?" मी विचारलं, मजा कुणाची? दोन दिवस बोलला नाही. मग बुधवारी रात्री अकराला दार वाजलं. हा उभा, हातात बादली, बादलीत अकरा गोल्डफिश. म्हणाला, "दोघं गेले. हे तू सांभाळ. आणि तो चिमटा किती लांब हवा म्हणालास?"

बादली सध्या माझ्या बाथरूममध्ये आहे, एअर पंप लावून. त्यातल्या चौघांना पांढरे ठिपके आलेत.