हजेरीचा टक्का

हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. बार कौन्सिलची अट ७० टक्क्यांची. २०१६ मध्ये त्यापायी परीक्षेला मुकलेल्या एका मुलाने आत्महत्या केली. प्रकरण तिथून सुरू झाले. आम्ही बँकवाले मस्टरचे भक्त, पण सही ठोकून चहाला गेलेलेही आम्ही पाहिले आहेत. तरी वर्ग ओस पडले तर शिकवणारा कोणासाठी तयारी करणार, हा प्रश्न उरतोच. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच: हजेरी घटली तर महाविद्यालयाने दरमहा पालकांना कळवायचे आहे. आपली मुले पुण्या-दिल्लीत एकटी राहतात. असे पत्र आले तर रागावण्याआधी फोन करून तब्येत विचारा.