ॲव्हरेज नंतर, घाट आधी

सात आसनी गाडी घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा. रंगावर, सीटच्या कव्हरवर, सनरूफवर मतं वेगवेगळी असतात, ॲव्हरेजवर मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. आज अशा मोठ्या गाड्यांमध्ये साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि हायब्रिड एवढे पर्याय समोर असतात आणि त्यातून निवड बहुधा या एकाच आकड्यावर होते. माझं म्हणणं असं की ज्या घराची गाडी वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरच्या आत फिरते, त्या घराने हा आकडा मागे ठेवावा. सातही जण बसलेत, मागे सामान आहे, एसी चालू आहे, अशा वेळी गाडी घाट कसा चढते, हे आधी बघावं. इंधनाचा हिशेब त्यानंतर करावा. (इलेक्ट्रिक सात आसनी गाड्याही आता आल्या आहेत, पण तिथला निर्णय सोसायटीतल्या चार्जरपासून सुरू होतो. तो विषय वेगळा.)

ॲव्हरेजला एवढं महत्त्व का आलं, याला इतिहास आहे. २०१२च्या आसपास पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे वीस ते तीस रुपयांचं अंतर होतं. डिझेलची किंमत सरकार ठरवत होतं आणि तोटाही सोसत होतं. त्या काळात मोठी गाडी म्हणजे डिझेलच, हा हिशेब अगदी बरोबर होता. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि अंतर आटत गेलं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ मानकं आली, डिझेल इंजिनाचा धूर स्वच्छ करणारी यंत्रणा महाग पडू लागली आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. परिस्थिती बदलली, तरी ‘मोठ्या गाडीला डिझेलच परवडतं’ हे वाक्य घराघरात तसंच राहिलं. आता त्याच्या जोडीला ‘नाहीतर सीएनजी’ हे दुसरं वाक्य आलं आहे.

आकडे मांडून बघू. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९० आणि सीएनजी ८० रुपये किलो असा दर धरू. वाचकांनी आपल्या गावचा दर घालावा. कंपनी जे ॲव्हरेज छापते ते प्रयोगशाळेतल्या रोलरवर, ठरावीक चक्रात, एसी बंद ठेवून मोजलेलं असतं आणि त्या चक्रात गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. तेव्हा छापील आकड्यांऐवजी रस्त्यावरचे आकडे घ्यावेत : साध्या पेट्रोलला लिटरला १४, डिझेलला १७ आणि सीएनजीला किलोला २०. वर्षाला १०,००० किलोमीटर रनिंग असेल तर पेट्रोलवर सुमारे ७४,३०० रुपये जातात, डिझेलवर ५२,९००. वर्षाची बचत २१,४०० रुपये. आता खरेदीची बाजू. चार मीटरपेक्षा लांब गाडीवर २२ सप्टेंबर २०२५पासून पेट्रोल, डिझेल, सीएनजी, हायब्रिड सगळ्यांना सारखाच ४० टक्के जीएसटी आहे, पण महाराष्ट्राचा वाहनकर इंधन बघून लागतो. दहा ते वीस लाखांच्या खासगी गाडीला पेट्रोलसाठी १२ टक्के, डिझेलसाठी १४ टक्के. पेट्रोलची गाडी १३ लाखांची आणि डिझेलची साडेचौदा लाखांची धरली तर कर धरून डिझेलला जवळजवळ दोन लाख जास्त मोजावे लागतात. ते वसूल व्हायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. वर्षाला २५,००० किलोमीटर रनिंग असेल तर हेच पैसे चार वर्षांच्या आत परत येतात. नाशिकहून मुंबईला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाने ॲव्हरेज जरूर बघावं. पण कोथरूड ते शिवाजीनगर आणि महिन्यातून एखाद वेळी गावी, एवढंच फिरणाऱ्या घराने बचतीच्या नावाखाली डिझेल घेऊ नये. ती बचत त्याच्या पदरात पडतच नाही.

इथे सीएनजीवाले म्हणतील, आमचा हिशेब का टाळलात? टाळत नाही. पैशाच्या हिशेबात सीएनजी निर्विवाद पुढे आहे. त्याच १०,००० किलोमीटरला ४०,००० रुपये लागतात, म्हणजे साध्या पेट्रोलपेक्षा वर्षाला ३४,००० कमी. महाराष्ट्राने एप्रिल २०२२मध्ये सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला. वाहनकरही जुलै २०२५मध्ये एक टक्का वाढूनसुद्धा पेट्रोलपेक्षा कमीच आहे. सीएनजीसाठी लाखभर जास्त मोजले तर कराच्या फरकामुळे खरा बोजा सत्तर हजारांच्या आसपास राहतो आणि तो दोन वर्षांत फिटतो. एर्टिगासारख्या गाड्यांना सीएनजीत एवढी मागणी आहे, ती उगाच नाही. पण किंमत रुपयांतच द्यावी लागते असं नाही. एर्टिगाच्या डिकीत साठ लिटरचं सिलिंडर बसतं. तिसऱ्या रांगेत माणसं बसवली की सात जणांच्या बॅगा छपरावर. सीएनजीवर त्याच इंजिनाची ताकद १०३वरून ८८ अश्वशक्तीवर येते. घाटात बटण दाबून पेट्रोलवर घेता येतं, हे खरं आहे आणि घ्यावंच, पण सिलिंडरचं वजन सोबत राहतंच. मुंबई, ठाणे, पुण्यात रोज ऑफिसला जाणारी, चार-पाच जणांचीच असणारी आणि पंपावरच्या रांगेला तयार असलेली घरं सीएनजीने सुखी होतील. तिसरी रांग खरोखर वापरणाऱ्या घराचं तसं नाही, आणि सात आसनी गाडी तर त्या तिसऱ्या रांगेसाठीच घेतली जाते.

मूळ मुद्दा गाडी भरल्यावर काय होतं याचा आहे. एर्टिगासारखी गाडी रिकामी असताना साडेअकराशे ते बाराशे किलोंची असते. सात माणसं आणि सामान मिळून आणखी पाचशे-साडेपाचशे किलो चढतात. म्हणजे शोरूमबाहेर दोघांनी फिरवून बघितलेली गाडी आणि मे महिन्यात कोकणात निघालेली गाडी यांच्या वजनात जवळजवळ तीस टक्क्यांचा फरक असतो. हे वजन चढावर ओढायला लागतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो, हे त्याच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. एर्टिगाच्या दीड लिटर साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क सुमारे १३७ न्यूटन मीटर आहे आणि तो पूर्ण मिळायला इंजिन ४,४०० फेऱ्यांपर्यंत न्यावं लागतं. किया कॅरेन्सच्या दीड लिटर टर्बो पेट्रोलचा टॉर्क २५३ आहे आणि डिझेलचा २५०. ही ओढ दोन्ही इंजिनांत १,५०० फेऱ्यांपासूनच हाताशी असते. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो, साधं इंजिन मिळेल तेवढीच हवा ओढून घेतं. त्यामुळे उंचीवरही फरक पडतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथली हवा सुमारे बारा टक्के विरळ असते आणि साध्या इंजिनाची ताकद साधारण तेवढीच घटते. टर्बो ही घट बरीचशी भरून काढतो. कुंभार्ली घाटातल्या वळणावर ट्रकच्या मागे गाडी अडकली, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला, इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र हलत नाही, हा अनुभव भरलेली साध्या पेट्रोलची गाडी हमखास देते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की वर्षातून चार वेळा लागणाऱ्या घाटासाठी बाकीचे सगळे दिवस जास्त पैसे का मोजायचे? आक्षेप रास्त आहे आणि त्यातली रक्कमही लहान नाही. टर्बो पेट्रोल शहरात लिटरला अकराच्या आसपास जातं. म्हणजे साध्या पेट्रोलपेक्षा वर्षाला वीस हजार रुपये जास्त, शिवाय खरेदीतला फरक वेगळा. तरीही मी त्याच बाजूने बोलतो, कारण धोका वर्षभर सारखा वाटलेला नसतो. रोजच्या रस्त्यावर गाडीत एक-दोन जण असतात, वेग चाळीसचा असतो, चूक झाली तर बंपर चेपतो. घाटात आणि दुपदरी रस्त्यावर अख्खं घर गाडीत असतं आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या तोंडावर ओव्हरटेक करायचा असतो. ओढ कमी असली की तो ओव्हरटेक लांबतो, गाडी समोरच्या बाजूला जास्त सेकंद राहते. हे सेकंद मला ॲव्हरेजपेक्षा मोलाचे वाटतात. संयमी चालक साध्या इंजिनावरही घाट सुखरूप चढतो, ट्रकच्या मागे थांबतो, हेही मान्य. पाच जणांच्या घराने तर साधं पेट्रोल निःशंकपणे घ्यावं. ते स्वस्त आहे, टिकाऊ आहे, कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होतं. पण सातही सीट भरून दर दोन-तीन महिन्यांनी सह्याद्री ओलांडणारं घर असेल, तर चालकाच्या संयमावर सगळा भार टाकणं मला योग्य वाटत नाही.

मग ओढच हवी तर डिझेलच का नको, ते तर पितंही कमी? हा आक्षेप सगळ्यात वजनदार. टर्बो पेट्रोलशी तुलना केली तर डिझेल वर्षाला चाळीस हजारांहून अधिक वाचवतं. ज्या घराची गाडी दर आठवड्याला हायवेवर तासभर तरी धावते त्याने डिझेल घ्यावं, माझी काहीच हरकत नाही. अडचण आहे ती शहरातल्या छोट्या फेऱ्यांची. बीएस-६ डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. मुलांना शाळेत सोडणं, मंडई, परत घर, असंच रोजचं चालणं असेल तर फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि बदलायची वेळ आली तर खर्च मोठा येतो. दुसरी गोष्ट सरकारी धोरणाची. दिल्लीत डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन लिटर आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणीच थांबवली होती. इनोव्हा त्यात अडकली आणि बंदी उठायला ऑगस्ट २०१६ उजाडला. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा वाद तिथे त्यानंतरही चालू राहिला. महाराष्ट्रात तशी बंदी आलेली नाही, पण जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून फटकारल्यावर मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बंदी घालता येईल का, हे तपासायला राज्य सरकारने समिती नेमली. अशा बंधनांत पहिला नंबर डिझेलचा लागतो, हे दिल्लीने दाखवलं आहे. गाडी बारा वर्षं ठेवायची असेल तर हे लक्षात घ्यावं.

पेट्रोलवाल्यांनीही एक वजाबाकी करून ठेवावी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं (ई-२०) आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मुळात दहा टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या पण ई-२०ला जुळवून घेतलेल्या गाडीत ॲव्हरेज एक-दोन टक्क्यांनी आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्क्यांनी घटतं, असं सरकारनेच २०२५मध्ये सांगितलं आहे. नवी गाडी घेताना ती ई-२०ला योग्य आहे का हे विचारणं सोपं आहे, ते विचारावं.

हायब्रिडबद्दल थोडक्यात. इनोव्हा हायक्रॉससारखी गाडी मुंबईच्या वाहतुकीत खरोखर चमत्कार करते, कारण थांबत-थांबत चालताना बॅटरीवरची मोटर काम करते आणि ब्रेकची ऊर्जा परत मिळते. मोटरला सुरुवातीपासून ओढ असल्याने घाटातही ती दमत नाही. म्हणजे माझी कसोटी आणि ॲव्हरेजची कसोटी दोन्ही ती एकदम पार करते. पण साध्या पेट्रोल हायक्रॉसपेक्षा ती पाच-सहा लाखांनी महाग पडते आणि कमी रनिंगमध्ये हे पैसे इंधनातून कधीच परत येत नाहीत. बजेट असेल तर सोय आणि शांतता यासाठी घ्यावी.

कंपन्यांकडे माझी एक मागणी आहे आणि ती मी कळकळीने करतो. अनेक गाड्यांत ताकदीचं इंजिन हवं तर वरचा प्रकार घ्यावा लागतो, त्याबरोबर सनरूफ, मोठा स्क्रीन, रंगीत दिवे असं सगळं गळ्यात मारलं जातं. ज्या घराला सात जण सुखरूप घाटापार न्यायचे आहेत त्याला सनरूफची गरज नसते. टर्बो किंवा डिझेल इंजिन खालच्या, साध्या प्रकारात मिळालं तर लाख-दोन लाखांचा फरक पडेल आणि हा सगळा वाद पुष्कळसा मिटेल. तोवर खरेदीदाराने टेस्ट ड्राइव्हच्या वेळी हट्ट धरावा. घरची सगळी माणसं बसवावीत, एसी पूर्ण लावावा आणि पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट, नाशिककडे असाल तर कसारा, असा जवळचा चढ निवडावा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसवरून साठवर जायला गाडीला किती वेळ लागतो ते मोजावं. डीलरने एवढ्या लांब गाडी द्यायला नकार दिला तर दुसरा डीलर बघावा, पंधरा लाखांच्या वस्तूसाठी ही मागणी अवास्तव नाही. आणि तिसऱ्या रांगेत त्या वेळी घरातल्या थोरांना बसवावं, कारण तिथे किती गरम होतं आणि गाडी वळणांवर किती हेलकावते, हे पुढे बसणाऱ्याला कळत नाही.