गोष्ट लावलीय

पूर्वी श्रावण लागला की आमच्या आळीत पोथी लागायची. कुणाच्या तरी ओसरीवर हरिविजय, नाहीतर पांडवप्रताप. एकानं ओव्या म्हणायच्या, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, आणि वाती वळता वळता बायकांनी मधेच अडवायचं, 'पण भीष्म तेव्हा गप्प का बसले हो?' की पोथी तिथंच थांबायची. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पांडवप्रतापातले प्रसंग मात्र ती ओळीनं सांगायची.

यंदा त्यातल्याच एका ओसरीवर मुलं फोनवर गोष्ट लावतात.

सुरुवात नातवापासून झाली. तिसरीत आहे, फडाफडा वाचतो. पुस्तक मिटून 'काय झालं रे गोष्टीत?' विचारलं, की नखं कुरतडतो. शेजारची चौथीतली पोर नेमकी उलटी. जोडाक्षर आलं की अडखळते, पण ऐकलेली गोष्ट तिखटमीठ लावून सांगते. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी 1986 साली याचं साधं गणित मांडलं: अक्षरं उलगडणं गुणिले भाषा कळणं, म्हणजे वाचन. हा गुणाकार आहे. एका बाजूला शून्य असेल तर उत्तरही शून्यच. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत'चं तिसरीचं उद्दिष्ट मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थासह, असं आहे. शब्द घड्याळ लावून मोजता येतात. अर्थासाठी पोराशी बोलत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणाला आहे?

म्हणून आम्ही ऐकायच्या गोष्टी लावू लागलो. पण ऐकून शिकणं म्हणजे आळस, असं मानणारे पालक इथंही आहेत. त्यांना मी गावच्या मांडवी नदीकाठी घेऊन जातो. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी तिथं आहे, आणि त्यांनी तुकोबांना मंत्र दिला तो स्वप्नात, असं परंपरा सांगते. पाटी-पेन्सिल नव्हतीच! थट्टा सोडा. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' लागायची, आणि जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांत कर्ण्यावरून 'बोलकी शाळा' भरायची. धडा कानावर पडला की घरातली मोठी माणसंही त्यावर बोलू लागतात, ही त्यातली मला पटलेली गोष्ट.

नुसता फोन लावून दिला तर मात्र पोरं पेंगतात, हा माझा अनुभव. शिवाय नुसत्या ऐकण्यानं अक्षर येत नाही. म्हणून आम्ही तेच पुस्तक मांडीवर ठेवतो, आवाजाबरोबर ओळीखाली बोट फिरतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर अशा काही गोष्टी आहेत, ज्यांत वाचला जाणारा शब्द पडद्यावर रंगतो. आणि दर दोन-तीन मिनिटांनी गोष्ट थांबवायची. पोथीत अर्थ सांगणारा असे, त्याची जागा या थांबण्याला आहे.

परवा गोष्टीतला कोल्हा उसात शिरला. एक जण लगेच ओरडला, "उसात कोल्हा नसतो, बिबट्या असतो!" पुढची दहा मिनिटं गोष्ट बाजूलाच राहिली. कुणाच्या मळ्यात बछडी सापडली, कुणाच्या चुलत्यानं पिंजरा पाहिला. मी मधे पडलो नाही. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलला.

सध्या 'श्यामची आई' लावलीय. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मुळात ऐकण्याचंच आहे. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना आठवणी सांगतो. प्रकरणांऐवजी रात्री आहेत, बेचाळीस. 'पत्रावळ' ऐकताना पोरांना पत्रावळच ठाऊक नव्हती. लग्नात कागदाच्या ताटल्या असतात, त्यांना तरी कशी कळावी? मग आमच्या म्हातारीनं पळसाची पानं आणवली आणि टोचून दाखवली. पोथी लावतात तशी पत्रावळही लावतात, हे क्रियापद सगळ्यांनाच आवडलं. त्या 'पत्रावळ'मध्ये श्यामची आई चुकली की बरोबर, यावर दोन तट पडले. अजून मिटलेलं नाही.

पुढची रात्र पोरांनीच निवडायची, असं ठरलंय. काल ती चौथीतली पोर अनुक्रमणिका घेऊन बसली. बोट खाली सरकत होतं. 'स्वाभिमान-रक्षण'पाशी दोनदा अडखळली, मान हलवली, पुढच्या ओळीवर गेली आणि ओरडली, "श्री-खं-डा-च्या वड्या! हीच लावा, आजोबा."