बेकारीचें कार्ड आणि शुद्ध कलेचे उपासक

कलाकृतींत हेतु शिरला कीं कला बाहेर पडते, हा सिद्धान्त आमच्याकडे एके काळीं मोठ्या हिरीरीनें मांडला गेला. फडके-खांडेकर वादाची आठवण ज्या घरांत आहे, तेथें त्याचे पडसाद अजूनहि ऐकूं येतात. तो वाद संपला, अशी आमची समजूत होती. परंतु मतें सहसा मरत नाहींत. तीं वेष पालटून येतात. आज हेंच मत जुन्या व्हायनिलच्या तबकड्या जमविणाऱ्या रसिकांच्या तोंडीं बसलें आहे. "शब्दांकडे काय पाहतां? नाद पाहा, ठेका पाहा, वेष्टनाची पहिली आवृत्ति पाहा!" असें ते आम्हांस बजावतात. या उपदेशाचा समाचार एका प्रत्यक्ष तबकडीच्या आधारें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. तबकडी इंग्लंडची आहे, संगीत मूळ जमैकाचें आहे. पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

बर्मिंगहॅम शहरीं १९७८ च्या अखेरीस कांहीं तरुण वाद्यें घेऊन एकत्र जमूं लागले. पुढें त्यांची संख्या आठ झाली. त्यांत काळे होते, गोरे होते, आणि हातांस काम नाहीं ही त्यांच्यांतील बहुतेकांची समान ओळख होती. बेकारभत्ता घेण्यासाठीं सरकारी कचेरींत जें कार्ड दाखवावें लागे, त्यावर 'यूबी ४०' अशी खूण असे. म्हणजे अनएम्प्लॉयमेंट बेनिफिट, फॉर्म ४०. या मंडळींनीं तीच खूण आपल्या वाद्यवृंदाचें नांव म्हणून घेतली. त्यांची पहिली तबकडी 'सायनिंग ऑफ' ही २९ ऑगस्ट १९८० रोजीं डडली येथील 'ग्रॅज्युएट रेकॉर्ड्स' या लहानशा कंपनीनें काढली. काम मिळाल्यावर भत्त्याच्या यादींतून आपलें नांव काढून घेणें, यास तिकडे हा शब्दप्रयोग आहे. तबकडीचें वेष्टन म्हणजे त्या कार्डाचीच मोठी प्रतिकृति. ज्या महिन्यांत ती बाजारांत आली, त्याच महिन्यांत ब्रिटनमधील बेकारांची संख्या १९३५ नंतर प्रथमच २० लाखांवर गेली. खपाच्या यादींत ही तबकडी दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. ज्यांच्या खिशांत तें कार्ड होतें, त्यांनीं आपलेंच कार्ड दुकानाच्या खिडकींत पाहिलें असेल, तेव्हां त्यांस काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां शुद्ध कलेच्या उपासकांचा पहिला आक्षेप. ते म्हणतात, हा सारा प्रचार आहे. 'किंग' हें गीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयीं, 'फूड फॉर थॉट' हें दुष्काळांत मरणाऱ्यांविषयीं आणि नाताळच्या मेजवानींत दंग असलेल्या जगाविषयीं, 'मॅडम मेड्यूसा' हें मार्गारेट थॅचर यांच्यावर. मग यांत वर्तमानपत्राहून निराळें तें काय राहिलें? आम्ही उलट विचारतों, कीं या तबकडीवरील सर्व पदें मोजण्याचे श्रम आपण घेतले आहेत काय? मुख्य तबकडीवर दहा पदें आहेत. त्यांपैकीं '१२ बार', 'अडेला', '२५%' आणि स्वतः 'सायनिंग ऑफ' हीं चार केवळ वाद्यांचीं आहेत. दहांतील चार वेळां मौन धरणारा प्रचारक आम्हीं तरी कोठें पाहिला नाहीं. आणि ज्या पदाचें नांव साऱ्या तबकडीस दिलें, त्याच पदांत शब्द नाहींत! ज्याला केवळ घोषणा करावयाची असते, तो आपल्या शीर्षकाला मुकें ठेवीत नाहीं.

रेगे संगीताची घडणहि येथें ध्यानांत घेतली पाहिजे. आपला श्रोता समेची वाट पाहतो. तेथें जोर येणार हें त्यास ठाऊक असतें. रेगेच्या एका प्रसिद्ध ठेक्यांत पहिल्या मात्रेची जागा मुद्दाम रिकामी सोडतात आणि ढोलाचा भार तिसऱ्या मात्रेवर टाकतात. गिटारीचा आघात मात्रांच्या मधल्या जागेंत पडतो, आणि मंद्र स्वरांचें बास वाद्य ठेक्याबरोबर चालीचेंहि ओझें वाहतें. जेथें आघात अपेक्षित आहे तेथें पोकळी, आणि जेथें लक्ष नाहीं तेथें आघात, अशी ही रचना आहे. बेकारीचें गाणें या ठेक्यावर म्हटलें जातें, तेव्हां सकाळीं उठून कोठेंच जावयाचें नाहीं ही रिकामी जागा शब्दांवांचून कानांवर येते. येथें हेतु कलेस बाहेरून चिकटविलेला नाहीं. तो ठेक्यांतच मुरलेला आहे. हें सारें मोठ्या स्टुडिओच्या ऐश्वर्यांत घडलें असेंहि नाहीं. बॉब लॅम्ब यांच्या राहत्या जागेंत, आठ ट्रॅकच्या यंत्रावर हें ध्वनिमुद्रण झालें. सॅक्सोफोन तर स्वयंपाकघरांत वाजविला गेला. शुद्ध कलेच्या मंदिराहून ही जागा बरीच निराळी आहे. पण कारागिरींत कोठेंहि उणेपणा आलेला नाहीं.

उद्देश चांगला म्हणून वाईट गाणें चांगलें ठरतें, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. सद्धेतूच्या नांवावर खपविलेल्या रडक्या कवितांनीं मासिकांचीं किती पानें भरलीं, हें आम्हीहि जाणतों. पण त्यावरून हेतु हाच दोष, असें अनुमान काढणें म्हणजे कित्येक वैद्य अडाणी निघाले म्हणून औषधच विष ठरविण्यासारखें आहे.

दुसरा आक्षेप असा, कीं प्रसंगावर रचलेली कला प्रसंगाबरोबर मरते. याचें उत्तर तबकडीवरील पहिलेंच पद देतें. 'टायलर' हें गीत गॅरी टायलर या अमेरिकन काळ्या मुलाविषयीं आहे. १९७४ सालीं लुइझियाना प्रांतांत शाळांतील वर्णसंघर्षाच्या दिवसांत एका गोऱ्या मुलास गोळी लागून मृत्यु आला. सोळा वर्षांच्या टायलरवर आरोप आला, आणि ज्यूरींत एकहि काळा मनुष्य नसतां १९७५ सालीं त्यास मृत्युदंड सांगण्यांत आला. पुढें ती शिक्षा रद्द होऊन जन्मठेप झाली. तबकडी निघाली १९८० सालीं. टायलर तुरुंगांतून सुटला २०१६ सालीं. मधलीं ३६ वर्षें हें गीत शिळें झालें होतें काय? संग्राहक पहिल्या आवृत्तीच्या वेष्टनाचे कोपरे भिंगाखालीं तपाशीत होते, तेव्हां त्या वेष्टनाच्या आंतील पहिल्या गाण्याचा नायक कोठडींत म्हातारपणाकडे चालला होता. प्रसंग मेला नव्हता. ऐकणारांचे कान मेले होते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्यास आम्ही तितक्याच गंभीरपणें उत्तर देतों. जमैकाच्या गरिबांनीं निर्माण केलेलें संगीत इंग्लंडांतील गोऱ्या गायकाच्या तोंडून ऐकणें, ही चोरी किंवा निदान नक्कल नव्हे काय? पुढें १९८३ सालीं 'लेबर ऑफ लव्ह' या तबकडींत याच मंडळींनीं इतरांचीं गाणीं गोड करून गायिलीं आणि तेवढ्यावरच त्यांची जगभर ख्याति झाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पुढील गोडव्याचा दोष पहिल्या तबकडीच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. १९६८ च्या एप्रिलमध्यें इनॉक पॉवेल यांनीं परक्या वर्णाच्या लोकांविरुद्ध आपलें कुप्रसिद्ध भाषण केलें, तें याच बर्मिंगहॅममध्यें. १९७६ सालीं एरिक क्लॅप्टन या नामांकित वादकानें रंगमंचावरून त्याच पॉवेलची तरफदारी केली, तीहि येथेंच. ज्यानें काळ्यांच्या संगीतावर आपली कीर्ति उभारली, त्यानेंच काळ्यांस देशाबाहेर घालवा म्हणावें, खरी चोरी ती ही! त्याच शहरांत 'स्टील पल्स' या काळ्या तरुणांच्या वृंदानें १९७८ सालीं 'हँड्सवर्थ रेव्होल्यूशन' ही आपली पहिली तबकडी काढली. आणि दोनच वर्षांनीं ज्या गोऱ्या मुलांनीं शेजाऱ्यांचें संगीत त्याच शेजाऱ्यांच्या बरोबरीनें उभें राहून वाजविलें, त्यांस नकलाकार म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं.

'बर्डन ऑफ शेम' या पदांत तर ब्रिटिश प्रजाजन आपल्या साम्राज्याच्या कृत्यांची लाज आपल्या शिरावर घेतात. त्या साम्राज्याचा भार आमच्या वाडवडिलांनीं दीडशें वर्षें वाहिला आहे. राज्यकर्त्यांच्या देशांतील बेकार पोरांनीं ही कबुली द्यावी, आणि आमच्या येथील रसिकानें ती ऐकतांना फक्त बासचा घुमारा मोजावा, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

व्हायनिलवर आमचा राग आहे, असा मात्र कोणी गैरसमज करूं नये. मुख्य तबकडीबरोबर दुसरी एक मोठी तबकडी ४५ फेऱ्यांच्या गतीची दिली होती. तिच्यावर सुमारें तेरा मिनिटांचें 'मॅडम मेड्यूसा' आहे, काळ्यांच्या झुंडबळींवरील 'स्ट्रेंज फ्रूट' हें बिली हॉलिडे यांनीं प्रसिद्ध केलेलें गीत आहे, आणि 'रीफर मॅडनेस' हें वाद्यांचें पद आहे. तबकडी वेगानें फिरली म्हणजे दर सेकंदास सुईखालून अधिक लांब खांच जाते. मंद्र स्वरांस तर रुंद जागाच लागते. तेव्हां बास भरदार उमटविण्यास ही योजना उत्तम होती, हें तज्ज्ञांप्रमाणें आम्हीहि मान्य करतों. पण ही जागा कशासाठीं केली? राज्यकर्त्यांस जाब विचारतां यावा, आणि तोहि घाईनें नव्हे, एवढ्यासाठीं. खांचेची रुंदी ज्यास कळली आणि जाब ऐकूं आला नाहीं, त्यानें भांडें पुसून ठेवलें आणि अन्न फेकून दिलें.

असो. ज्यांच्या घरीं ही तबकडी असेल, त्यांस आमची एवढीच विनंति आहे. एके संध्याकाळीं ती कपाटांतून काढा, वेष्टनाची किंमत विसरा आणि कार्ड वाचा. मग सुई ठेवा आणि अगदीं शेवटचें, शब्दांवांचूनचें पद संपेपर्यंत घरांतील तरुण मुलांनाहि जवळ बसवा. त्यांच्यापैकीं एखादा नोकरीच्या शोधांत असेल, तर शुद्ध कला कोणती हा प्रश्न आम्हांस विचारण्यापूर्वीं त्यास विचारा.