शस्त्र एक, न्याय दोन

इ.स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची हकिकत छापून आली. इंग्रज फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका वीटकरी कारागिराने कपाळावरची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. सुश्रुताच्या परंपरेचा हा दाखला आपण अभिमानाने देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील मर्म आपल्या ध्यानातून निसटते. नाकावाचून कावसजी काही मरणार नव्हता. त्याला चारचौघांत मान वर करून वावरायचे होते. जीव वाचवणे हे वैद्यकाचे पहिले कर्तव्य खरे; पण माणसाला समाजातील त्याचे स्थान मिळवून देणे हेही वैद्यकाचेच काम, हे या भूमीने फार पूर्वी मान्य केले आहे.

हे आठवण्याचे कारण म्हणजे 'टिश्यू इंजिनिअरिंग' अर्थात ऊतक-अभियांत्रिकी. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. तरीही या शास्त्राची मूळ कल्पना त्याला सहज उमगली. रुग्णाच्याच शरीरातून ऊतकाचा लहानसा तुकडा घ्यावयाचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवावयाच्या, त्या एका विरघळणाऱ्या साच्यावर रुजवावयाच्या आणि तयार झालेला अवयव पुन्हा त्याच शरीरात बसवावयाचा. पेशी स्वतःच्याच असल्याने शरीर त्यांना परके मानत नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली अशा एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सुमारे पाच हजारांत एका मुलीचा योनिमार्ग जन्मतः तयारच झालेला नसतो. अशा १३ ते १८ वर्षे वयाच्या चार मुलींवर मेक्सिको सिटीतील बालरुग्णालयात २००५ ते २००८ या काळात शस्त्रक्रिया झाल्या. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे डॉ. अँथनी अटाला या कार्यात सहभागी होते. डुकराच्या आतड्याच्या एका स्तरातील सर्व पेशी काढून उरलेली जाळी हा साचा होता. त्यावर त्या मुलींच्याच पेशी वाढवल्या होत्या. आठ वर्षांपर्यंतच्या तपासण्यांत हे अवयव नैसर्गिक अवयवांप्रमाणे कार्य करीत असल्याचे आढळले. हे वृत्त वाचताना कोणाही सुजाण वाचकाचे मन त्या मुलींसाठी हेलावते.

आता याच विद्येची दुसरी वाट पाहू. पुरुषदेहात जन्म घेऊनही अंतःकरणाने स्त्री असणाऱ्या, ज्यांना आज पारलिंगी स्त्रिया म्हटले जाते, त्यांच्यावरही योनिमार्ग घडविण्याची शस्त्रक्रिया होते. बहुधा पुरुषेंद्रियाची त्वचा आत वळवून हा मार्ग करतात. परंतु त्वचा ती त्वचाच. तिला श्लेष्मल आवरणाचा ओलावा नसतो. मार्ग आकुंचू नये म्हणून वर्षानुवर्षे तो साधनाने रुंद ठेवावा लागतो. आतड्याचा भाग वापरल्यास ओलावा मिळतो. पण त्यासाठी पोट उघडावे लागते आणि नको तेवढ्या स्रावाचा त्रास उद्भवतो. या उणिवा ऊतक-अभियांत्रिकी भरून काढील, अशी आशा संशोधकांना वाटते.

आशा आणि उपलब्धी यांत मात्र अंतर आहे. मेक्सिकोतील मुलींच्या शरीरात मूळ जातीच्या पेशी होत्या. पारलिंगी स्त्रीच्या शरीरात त्या नसतात. गालाच्या आतील श्लेष्मल पेशींसारखा पर्याय शोधावा लागतो. शिवाय बसविलेल्या ऊतकात नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत त्यास प्राणवायू कसा मिळावा, हा प्रश्न उरतोच. ब्राझीलमधील कांपिनास येथे २०१९ मध्ये एका पारलिंगी स्त्रीच्या आकुंचलेल्या मार्गाच्या दुरुस्तीसाठी टिलापिया माशाची प्रक्रिया केलेली त्वचा वापरली गेली. पण ते आवरण होते, पेशींपासून घडविलेला अवयव नव्हे. म्हणूनच 'स्टेम सेल'च्या नावाने चमत्काराची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी असे अप्रमाणित उपचार विकण्यास स्पष्ट नकार दिला होता.

विज्ञान आपल्या गतीने पुढे जाईल. प्रश्न आपल्या मनाचा आहे. तेच शस्त्र, तेच कौशल्य; त्या मुलीसाठी वापरले की उपचार आणि पारलिंगी स्त्रीसाठी वापरले की पाश्चात्त्यांचे खूळ, हा कोणता न्याय? शिखंडी आणि बृहन्नडा यांच्या कथा भक्तिभावाने ऐकणारा, घरी बाळ जन्मले की तृतीयपंथीयांचा आशीर्वाद घेणारा समाज आपणच आहोत ना? त्यांच्यातील कित्येकांनी पिढ्यान्‌पिढ्या 'निर्वाणा'च्या नावाखाली, भूल न देता, अडाणी हातांनी देह कापून घेतला. हे काही पश्चिमेकडून आलेले नव्हते. सुरक्षित शस्त्रक्रियेचे दार आपण बंद ठेवले, तेव्हा हे दार उघडे राहिले.

अशा शस्त्रक्रियेत घाई नको, हे मान्य. प्रौढ वय, पूर्ण माहिती, समुपदेशन आणि स्वेच्छा यांवाचून कोणीही शस्त्र धरू नये. शस्त्रक्रिया नको असणाऱ्यांवर ती लादलीही जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात हेच बजावले. २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना आयुष्मान भारत योजनेखाली वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यकवच देण्याचा करार झाला. कागदावरचे हे कवच शासकीय रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचते का, हे विचारणे समाजधुरीणांचे काम आहे. घराघरांचे काम त्याहून आधीचे आहे : असे अपत्य पदरी आले तर त्यास उंबरठ्याबाहेर न काढणे.

पुण्याजवळच्या त्या कारागिराने कावसजीला, "नाकावाचून तुझे काय अडले आहे?" असे विचारल्याची नोंद कुठे नाही. त्याने हत्यार हाती घेतले आणि काम केले. त्याच्या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्याची ही वृत्तीही उचलावी.